पडू नये म्हणून

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास,

दिवाळीत तू विचारलं होतंस, "आजोबा, फरशीवर ही लाल चिकटपट्टी कशाला?" पाहुण्यांच्या गडबडीत उत्तर राहून गेलं. शेंद्र्याला तुला नोकरी लागली आणि तू आरोग्य विमा काढतो आहेस, असं तुझी आई सांगत होती. म्हणून आज लिहितो.

मला कंपवात होऊन सहा वर्षं झाली. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, पाय अडतो तो दिसत नाही. उंबऱ्यापाशी आलं की पावलं जमिनीला चिकटतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी हातहातभर अंतरावर पट्ट्या लावल्या. नुसतं 'चाला' म्हटल्यावर न उचलणारं पाऊल पट्टी ओलांडायला मात्र उचलतं! आठवड्यातून तीनदा त्या घरी यायच्या, दर वेळी चारशे रुपये.

तीन महिन्यांची बिलं विमा कंपनीकडे पाठवली, तर एका ओळीचं उत्तर आलं: तुम्ही ॲडमिट नव्हता. रागाच्या भरात मी व्यायामच बंद केला. पाच महिन्यांनी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. आता गंमत बघ. ऑपरेशनचे पैसे मिळाले. घरी आल्यावर त्याच ताई, त्याच पट्ट्या, बरेचसे तेच व्यायाम. त्यांचेही 60 दिवस मिळाले. एकसष्टाव्या दिवसापासून पुन्हा खिशातून. पडल्यावर पैसे, पडू नये म्हणून नाहीत.

कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही. पॉलिसीत तसंच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. आपल्याकडचा बहुतेक विमा खाटेवर चालतो. 2020 साली आलेली 'आरोग्य संजीवनी' ही ठरावीक पॉलिसीच उदाहरणादाखल बघ: ॲडमिट होण्याआधीचे 30 दिवस आणि सुट्टी झाल्यावरचे 60. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भरही दवाखान्यातल्या उपचारांवरच. पण जन्माच्या दुखण्यात बरं होऊन सुटायचं नसतं, आहे ते टिकवायचं असतं. त्याला डिस्चार्जची तारीखच नाही, मग साठ दिवस मोजायचे कुठून?

दुसरी रीत नाही असं नाही. वाळूजला कारखान्यात असताना पगारातून ईएसआयचे पैसे कापले की आम्ही कुरकुरायचो. पण त्यात ॲडमिट न होताही उपचार मिळत. पगार मर्यादेपुढे गेला आणि ते कार्ड सुटलं. आज ती मर्यादा महिना 21,000 आहे. तुझ्या मित्रांपैकी कुणी त्यात बसत असेल, तर त्या कपातीला नावं ठेवू नका म्हणावं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत 1 लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीसाठी खाट अडवावी लागत नाही. मात्र ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारांत कंपवातही धरला, दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजनेची गोष्टही केली. माझ्या बिलापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

म्हणून सही करण्याआधी 'काय मिळणार नाही' ते पान वाच. ओपीडीचा खर्च धरला आहे का, फिजिओथेरपीची किती सिटिंग, घरी येऊन दिलेली चालते का, हे लेखी विचार. एजंटाच्या तोंडी शब्दाला बिल जोडता येत नाही. आधीचं दुखणं असेल तर लपवू नकोस. 2024 पासून त्यासाठीची थांबायची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. घरात कुणाचं ऑपरेशन झालं, तर व्यायाम किती दिवस हवा ते डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावरच लिहून घे. पॉलिसीत असलेलं नाकारलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. आपल्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नको, पण वर्षाच्या आत जायला हवं. मात्र पॉलिसीत जे लिहिलेलंच नाही, ते तिथंही मिळत नाही.

येशील तेव्हा पॉलिसीचे कागद घेऊन ये, मिळून वाचू. मग दारापर्यंत पट्ट्यांवरून चालू. मी पाऊल उचलीन, तू मोज.

तुझा,
आजोबा