सर्वांभूती, पण कोणत्या दिशेला?

सप्ताहात कीर्तनकार बुवा उभे राहिले की एक उपदेश ठरलेला असतो: सर्व भूतांच्या ठायी समान भाव ठेवा. आम्ही टाळकरी माना डोलावतो. घरी परतताना मात्र मला तोच जुना प्रश्न पडतो. संसारी माणसाला सगळ्यांवर सारखं प्रेम करणं मुळात शक्य आहे का? आणि शक्य नसेल, तर संतांनी ते आमच्याकडे मागितलं तरी का? मी शास्त्री-पंडित नाही. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो, सीसीटीव्ही आणि वाय-फाय बसवण्याची कामं करतो. या प्रश्नाचं जे काही उत्तर मला मिळालं, ते याच धंद्यात मिळालं.

आमच्या पुस्तकांत एक असा अँटेना असतो, जो कुठल्याच दुकानात मिळत नाही. आठही दिशांना, वर आणि खाली, अगदी सारख्या प्रमाणात लहरी सोडणारा. असा अँटेना बनवता येत नाही, हे गणितानंच दाखवून दिलं आहे. राउटरची उभी काडी सगळीकडे रेंज देते असं आपण समजतो, पण तिच्या लहरींचा आकार मेदूवड्यासारखा असतो: आडवा पसरलेला आणि मधे भोक. काडीच्या टोकाच्या रेषेत, नेमक्या डोक्यावरच्या खोलीत, जवळजवळ काहीच पोचत नाही. निर्जीव काडीलासुद्धा समभाव जमत नाही, तिथे माणसाची काय कथा!

माझ्या धाकट्या भावाची उल्हास नदीच्या अंगाला नर्सरी आहे. आमच्या गच्चीवरून सरळ रेषेत साधारण अर्धा किलोमीटर. पावसाळ्यात नदीचं पाणी कुठवर आलंय ते घरबसल्या दिसावं, म्हणून त्याला तिथे कॅमेरे हवे होते. तो म्हणाला, "दादा, तुझ्या घरचं नेट इथवर आण. एखादा जबरदस्त बूस्टर लाव." बहुतेक गिऱ्हाइकं हेच म्हणतात. दूर पोचायचं तर मोठ्यानं ओरडायचं, अशी सगळ्यांची समजूत असते.

ओरडून काम होत नाही, याची दोन कारणं. एक म्हणजे अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर येतो, त्यामुळे नुसती ताकद वाढवून फार लांब जाता येत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वाय-फाय हा संवाद आहे. गच्चीवरून मी कितीही मोठ्यानं बोललो, तरी पलीकडच्या मोबाइलचा क्षीण आवाज मला ऐकू यायला हवा. नाहीतर मोबाइलवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि पान काही उघडत नाही.

म्हणून दोन्ही टोकांना दिशा धरणारे अँटेना लावायचे. अशा अँटेनावर १४ डीबीआय लिहिलेलं असतं. घरगुती राउटरची ताकद साधारण ०.१ वॉट, हा अँटेना एका दिशेला ती सुमारे २५ पट, म्हणजे अडीच वॉटसारखी करतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात २००५ पासून विनापरवाना ४ वॉटपर्यंत मुभा आहे, तेव्हा हे कायद्यातही बसतं. पण हा २५ पट जोर आला कुठून? अँटेनाला वीज जोडलेली नसते. पदरचं तो काहीच घालत नाही. बाकीच्या सगळ्या दिशांचं काढून तो एकीला देतो. शिवाय ज्या दिशेला तो नीट बोलतो, त्याच दिशेचं नीट ऐकतो. शेजारच्या बिल्डिंगीतले डझनभर राउटर बडबडत असले, तरी त्याला ते फारसे ऐकू येत नाहीत. लांबच्याचं ऐकायचं, तर जवळच्या गलबल्याला थोडं बहिरं व्हावं लागतं.

मग हा पक्षपात नाही का? आहे. आणि त्याशिवाय पोचता येत नाही. परंपरा सांगते की, संत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या एका गाढवाच्या तोंडी रिकामी केली. एका गाढवाच्या. जगात तहानलेले प्राणी त्या दिवशीही असंख्य असतील. नाथांनी प्रत्येकाला एकेक थेंब वाटायचं ठरवलं असतं, तर कोणाचाच घसा ओला झाला नसता. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे सारख्याच नजरेनं पाहतो असं सांगितलंय. हत्तीला आणि कुत्र्याला एकच चारा घाला, असं सांगितलेलं नाही.

जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते देशानं पाहिलं. त्याच पुरात हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्यांतही पाणी शिरलं. अशा वेळी 'सगळे सुखी असोत' म्हणणारे पुष्कळ असतात. उपयोगी पडतो तो अमक्या जिन्याशी दोर घेऊन पोचणारा.

मात्र नुसता नेम धरून भागत नाही. मधली वाट मोकळी लागते, आणि ती नजरेच्या रेषेपेक्षा बरीच रुंद लागते. अर्ध्या किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर रेषेभोवती सुमारे चार मीटर त्रिज्येची जागा येते. तिचा बराचसा भाग रिकामा हवा. पावसाच्या सरी या लहरींना फारशा अडवत नाहीत. अडवतात भिजलेली झाडं. म्हणून मे महिन्यात छान चाललेली जोडणी जुलैत रुसते. आणखी एक गोष्ट लागते, धीर. वाय-फाय प्रत्येक निरोपाची पोचपावती मागतं आणि ती काही मायक्रोसेकंदांत आली नाही, तर निरोप हरवला असं धरून पुन्हा पाठवत बसतं. एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये व्हेनेझुएलातल्या दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरची वाय-फाय जोडणी करून दाखवली, तेव्हा उंची आणि मोठे अँटेना तर लागलेच, पण पावतीची वाट पाहण्याचा वेळही वाढवावा लागला. जितका पलीकडचा दूर, तितकं जास्त थांबायचं. देवाकडे गाऱ्हाणं घालून संध्याकाळी उत्तर मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

नर्सरीत नेट पोचलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "पासवर्ड कामगारांना देऊ नकोस हं." मी त्याला पटवलं, की तिथवर आणताना नेम धरावा लागला, पण तिथे पोचल्यावर साधी काडीच लावायची असते, जी आसपासच्या सगळ्यांना देते. पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पातही रचना अशीच होती: गावापर्यंत लांब पल्ल्याची जोडणी, आणि गावात पोचल्यावर सर्वांसाठी वाय-फाय. आता आमच्या कामगारांची मुलं शेडमध्ये बसून अभ्यासाचे व्हिडिओ बघतात.

राहिला पहिला प्रश्न. जो अँटेना बनवताच येत नाही, तो आम्ही पुस्तकात का ठेवतो? कारण प्रत्येक खऱ्या अँटेनाची मोजणी त्याच्याशीच होते. अँटेनावर लिहिलेला १४ डीबीआय हा आकडा म्हणजे, सगळीकडे सारखं देणाऱ्या त्या काल्पनिक अँटेनापेक्षा इकडे किती जास्त दिलं, याचा हिशेब. तो नसता, तर एकाला दिलेलं दुसऱ्या कोणाचं काढून दिलंय, हे आम्ही विसरलो असतो. संतांचा समभाव मी असाच समजतो. तो अंगी बाणत नाही म्हणून टाकून द्यायचा नसतो. तो मापाला आहे. आपल्या प्रेमाला दिशा असणारच. फक्त ती कोणाकडे आहे आणि पाठ कोणाकडे आहे, हे त्या मापाशी ताडून पाहायचं.

तेव्हा पुढच्या सप्ताहात मान डोलावण्याआधी एक करा. ज्याच्यापर्यंत तुम्हाला खरंच पोचायचंय, असं एक घर ठरवा. आणि इतके दिवस तुमची पाठ कोणाकडे होती, तेही लिहून काढा. कारण पुढच्या वर्षी तोंड तिकडे वळवायचंय.