ड्रॉवरमधला डोंगर

सयाजीगंजातल्या आमच्या घरी पर्युषणाआधी कपाटं आवरतात. या वर्षी एका ड्रॉवरमधून चार जुने मोबाइल आणि सात बंद इअरफोन निघाले. लेक म्हणाली, "आई, फेकून दे ना, त्यात आता काय आहे?"

त्यात निओडिमियम आहे. इअरफोनच्या इवल्याशा चुंबकात, मोबाइलच्या थरथरीत, तिच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्येही हाच धातू. १८८५ साली तो ओळखला गेला, तेव्हा नाव पडलं 'नवा जुळा'. भावंडांपासून तो वेगळाच होईना!

आजही होत नाही. खडक सुरुंगाने फोडायचा, पीठ होईस्तोवर दळायचा, पाण्यात फेस आणून खनिज वर काढायचं, ॲसिडमध्ये विरघळवायचं, मग शेकडो टप्प्यांनी एकेक भावंड सोडवायचं. शेवटी वितळलेल्या क्षारांतून वीज सोडली की धातू हाती येतो. मागे उरतो गाळ, ॲसिडचं पाणी आणि बरेचदा किरणोत्सारी थोरियम.

हे सगळं लांब चीनमध्ये चालतं, असं म्हणून सुटका नाही. आपल्या बडोद्याच्या पूर्वेला, छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या आंबाडुंगरच्या खडकात याच कुळातले धातू आहेत. तिथे खाणीची तयारी चालली आहे. त्याच मुलखात भिंतींवर पिठोराचे घोडे रंगवणारे राठवा राहतात.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा धंद्यांत जमीन फोडण्याचा धंदा आहे. आपण म्हणतो, आमच्यात कोणी खाण खणत नाही. पण करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, हिशेब तिन्हींचा आहे ना? मग दुकानात पैसे मोजताना मी काय करते?

लेकीने अडवलं. "मग पेट्रोलची गाडी चालवू? धुराने वायुकाय जीव मरत नाहीत?"

खरं आहे. गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर अनर्थदंड वेगळा सांगितला: जिची गरजच नव्हती ती हिंसा. स्कूटर तिला रोज नोकरीवर नेते. सातवा इअरफोन कशाला आणला होता? रंग आवडला म्हणून. आणि आणला होता मीच.

ड्रॉवर ई-कचरावाल्याला दिला. पण असल्या कचऱ्यातून हा धातू फारच थोडा परत मिळतो. म्हणून नियम घेतलाय, चालतंय तोवर नवं नाही. लेकीने नियम घेतला नाही, पण "स्कूटर दहा वर्षं वापरीन" म्हणाली.

प्रतिक्रमणात पृथ्वीकाय जीवांची क्षमा दरवर्षी मागते. यंदा मागताना ती नुसती जिभेवर नसेल.