बोरू, वही आणि टॅबलेट : असंग्रहाची कसोटी

हाताने टिपणे काढण्यासाठी टॅबलेट घ्यावा का आणि घेतला तर कोणता, हा एरवी किमतीचा आणि बॅटरीचा प्रश्न. वर्धा जिल्ह्यात तो व्रताचाही होऊन बसतो. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत एकादश व्रते म्हटली जातात आणि त्यांत अस्तेय (चोरी न करणे) आणि असंग्रह (गरजेपलीकडे साठा न करणे) ही दोन्ही आहेत. आश्रमापासून हाकेच्या अंतरावर १९६९ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे खादी घालून वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला शरीररचनेच्या आकृत्या रंगांत काढायला असे साधन हवेसे वाटले, तर या दोन व्रतांशी त्याचा मेळ घालता येतो का?

सेवाग्राम म्हणजे यंत्राला विरोध, हा समज ढोबळ आहे. व्हाइसरॉयशी बोलणे व्हावे म्हणून सरकारने बसवलेला टेलिफोन आश्रमात होता, आजही तो दाखवतात. १९२४ साली दिल्लीत जी. रामचंद्रन यांनी यंत्राविषयी छेडले, तेव्हा गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला. ते माणसाचे कष्ट हलके करते आणि हात निकामी करत नाही, हे कारण. शिवणयंत्र बनवायलाही कारखाना लागतोच, ही अडचण त्यांनी लपवली नाही. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे ते म्हणाले. विनोबांनी पुढे यंत्रांची विभागणीच केली : वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी. उत्पादक यंत्रांतली काही माणसाच्या श्रमाला पूरक, काही मारक. आणि एकच यंत्र एका देशात पूरक तर दुसऱ्या देशात मारक ठरू शकते. तेव्हा टॅबलेट चांगला की वाईट असे सरसकट विचारण्यात अर्थ नाही. तो कोणाच्या हाती आणि कशासाठी, एवढेच विचारता येते.

हाताच्या बाजूने पाहिले तर लेखणीवर चालणारा टॅबलेट कीबोर्डापेक्षा शिवणयंत्राच्या जवळचा आहे. अक्षर माणसाचेच राहते. गांधीजी वाईट अक्षराला अपुऱ्या शिक्षणाची खूण मानत आणि मुलांनी आधी चित्रे काढायला शिकावे, मग अक्षरे, असे आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे. १९०९च्या नोव्हेंबरात ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत.

मराठी लिहिणाऱ्याला टॅबलेटची पारख एका ओळीत होते. आपण आधी अक्षरे काढतो आणि शिरोरेघ बहुधा शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात ओढतो. पडदा लेखणीच्या मागे रेंगाळत असेल तर ही रेघ शब्दाच्या पुढेमागे पडते. तळवा पडद्यावर टेकलेला असतो. त्याचा स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय कच्ची असली तर पानभर नको ते ठिपके उमटतात. शिवाय घ आणि ध, भ आणि म यांतला फरक शिरोरेघ कुठे तुटते यावर ठरतो. हस्ताक्षराचा छापील मजकूर करून देणारी प्रणाली इथेच हमखास चुकते. दुकानात इंग्रजी सही करून यंत्र पसंत करणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळते. ‘भरघोस मध’ एवढे दोन शब्द लिहून पाहावेत.

अस्तेयाचा प्रश्न अधिक अवघड : साधन कुठल्या आणि कोणाच्या वाट्याच्या संपत्तीतून येते? १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाणी, जाती यांच्याबरोबर हातकागदही तयार होऊ लागला. कुमारप्पांनी निसर्गातील संपत्तीचे दोन भाग केले : कोळसा, तेल, खनिजे यांसारखी साठ्यातली, जी वापरली की संपते, आणि गवत, लाकूड, धान्य यांसारखी वाहती, जी पुन्हा उगवते. चिंध्या आणि गवताचा लगदा करून बनवलेला कागद दुसऱ्या भागातला. टॅबलेट पहिल्या भागातला, आणि तोही दूरच्या साठ्यातला. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक कांगोच्या खाणींतून येते आणि तिथल्या हातखाणींत लहान मुले राबतात हे वारंवार उघडकीस आले आहे. अर्थात बाजारातली वहीसुद्धा मगनवाडीची नसून गिरणीची असते. तिच्यामागे जंगल, पाणी आणि रसायने आहेतच. तरी ती बिघडत नाही आणि जुनी झाली म्हणून बंद पडत नाही.

असंग्रहाचा विचार करणारे बहुधा वस्तू मोजतात : दहा वह्यांच्या जागी एक पाटी, म्हणजे संग्रह कमी. हा हिशेब फसवा आहे. टॅबलेटला शेवटचे पान नसते, त्यामुळे वस्तू एक राहते आणि टिपणांचा ढीग वाढत जातो. फळ्याचा फोटो, व्याख्यानाची ध्वनिफीत, शंभर पानी पीडीएफ, सगळे एकाच खिशात. वाचायचे मात्र राहून जाते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची रविवारची प्रवचने साने गुरुजींनी हाताने उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. महादेवभाई देसाई वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत राहिले आणि तिचे खंड निघाले. त्या टिपणांना कोणीतरी पुढचा वाचक होता. गांधीजींची पेन्सिलीची गोष्ट काका कालेलकरांनी सांगितली आहे : मद्रासमध्ये नटेसन यांच्या लहान मुलाने दिलेला पेन्सिलीचा तुकडा हरवला, तेव्हा नवी पेन्सिल पुढे केली तरी ते तोच शोधत राहिले आणि दोन इंचांहून लहान असलेला तो तुकडा सापडल्यावरच स्वस्थ झाले. साधन झिजेपर्यंत वापरायचे, ही असंग्रहाची खरी बाजू. दर दोन वर्षांनी नवा टॅबलेट घेणारा एकच टॅबलेट बाळगत असला तरी या बाजूने नापास होतो.

इतके पाहिल्यावर निवड फारशी कठीण राहत नाही. ज्याचे काम वहीत भागते त्याने टॅबलेट घेऊ नये. ज्याला आकृत्या, जाड संदर्भग्रंथ आणि जुनी टिपणे रोज बरोबर न्यावी लागतात त्याच्या श्रमाला तो पूरक आहे. नुसत्या लेखन-वाचनासाठी ई-शाईचा पडदा बरा : पान बदलतानाच वीज खातो, उन्हात स्पष्ट दिसतो आणि त्यावर चित्रफितींचा मोह फारसा होत नाही. रंगीत आकृत्या लागणाऱ्याला मात्र चकचकीत पडदा अधिक सोयीचा पडतो. लेखणी शक्यतो बॅटरीशिवाय चालणारी असावी. पडद्यामागच्या तारांच्या जाळीतून तिला शक्ती मिळते, त्यामुळे चार्ज करायची दुसरी वस्तू वाढत नाही. उन्हाळ्याचाही विचार हवा. ॲपल आपला आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे सांगते, आणि वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. टिपणे पीडीएफमध्ये बाहेर काढता येत नसतील, किंवा त्यांच्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागत असेल, तर लिहिलेले आपले राहत नाही. असा टॅबलेट कितीही गुळगुळीत असला तरी नाकारावा.

दुरुस्ती ही शेवटची आणि सर्वांत कमी विचारली जाणारी बाब. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून टॅबलेटचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही काही वर्षे मिळालेच पाहिजेत, असा नियम लागू केला आहे. इथे ग्राहकाने स्वतःच विचारायचे : बॅटरी वर्ध्यात किंवा निदान नागपुरात बदलून मिळते का? चांगल्या स्थितीतला जुना टॅबलेट मिळाला तर तो नव्यापेक्षा श्रेयस्कर, कारण त्यासाठी नव्याने खाण खणावी लागत नाही. तोही संपला की भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि जुने साधन नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रापर्यंत पोहोचेल अशा संकलनातच द्यायला हवे.