सोपे आणि स्पष्ट

गेल्या खरिपातील गोष्ट. चिखलीकडचे एक वयस्क सोयाबीन शेतकरी मोबाईल घेऊन चर्चच्या ओसरीवर आले. कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपमधून काही हजार रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले होते आणि व्याज आता दिवसागणिक वाढत होते. "फादर, म्या हो कवा म्हटलं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही तो पडदा पाहिला. मध्यभागी भले मोठे हिरवे बटण, त्यावर 'पैसे मिळवा' हे दोनच शब्द. व्याज व शुल्क खाली करड्या, बारीक इंग्रजी ओळीत. नकार कोठे द्यायचा, हे शोधण्यास आम्हासही बराच वेळ लागला.

या पडद्यास अवघड कसे म्हणावे? त्या गृहस्थांनी आयुष्यात जेवढे कागद भरले, त्यांत हाच सर्वांत सोपा होता. मोबाईलचा पडदा वापरणाऱ्यास सुलभ असावा, असे हल्ली सर्वच सांगतात. परंतु जे सुलभ ते स्पष्टही असते, हे आपण तपासून न पाहताच धरून चाललो आहोत. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमच्या मनावर ठसविले गेले होते की, कृती माणसाची ठरण्यास ज्ञान व संमती ही दोन्ही हवीत. अंगठा टेकला की संमती झाली, हा न्याय सावकाराचा आहे.

आणि तो जुना आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांचा रोष माणसांहून त्या कागदांवर अधिक होता. ज्यावर निशाणी केली ते अनेकांना वाचताच येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला व शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, असे ठरले. (तो प्रथम चार जिल्ह्यांपुरता होता, आमचा बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, म्हणून त्याबाहेर.) व्यवहार त्यामुळे सोपा झाला नाही, उलट एक हेलपाटा वाढला. परंतु कर्ज काढणाऱ्यास क्षणभर थांबविणारा तो हेलपाटा आम्हास आदराचाच प्रकार वाटतो.

आजही कायदा आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमती साध्या, स्पष्ट भाषेत मागण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. चांगलेच झाले. मात्र रचनाकार म्हणेल, "मालकाने सांगितले तसे आम्ही आखले." हे उत्तर आम्हास पटत नाही. नजर प्रथम कोठे जाईल आणि काय वाचल्यावाचून राहील, हे त्यास इतरांहून अधिक कळते. तेच तर त्याचे शास्त्र. ज्यास अधिक कळते, त्याचे दायित्वही अधिक.

याच कसबाचा चांगला उपयोगही झाला आहे. मुंबईच्या आयआयटीतील रचनाकारांनी २०१३च्या सुमारास 'स्वरचक्र' हा कळफलक केला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत आणि अक्षरावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमटते. लहानपणी पाटीवर गिरविलेला क्रम वापरणाऱ्याच्या कामी येतो. डोकेफोड रचनाकाराने आधीच केलेली असते.

पुढे त्याच गृहस्थांची ई-पीक पाहणी करावयाची होती. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करण्याची ही पद्धत २०२१पासून राज्यभर आहे. आम्ही सोबत बांधावर गेलो. उन्हात पडदा दिसेना, म्हणून आम्ही छत्री धरली. पायऱ्या पुष्कळ, पण गट क्रमांक, पीक, क्षेत्र हे शब्द सातबाऱ्यावरचेच, त्यामुळे ते सावकाश का होईना पुढे जात होते. आम्हास घाई होती. शेवटच्या बटणाकडे नकळत आमचेच बोट गेले. त्यांनी मोबाईल छातीशी ओढून घेतला. "थांबा फादर, आंधी वाचून दाखवा."