पालावरचा वकील

पहिल्या पाळीच्या बस एव्हाना चाकणच्या कंपन्यांत पोचल्या असतील. आयटीआय झालं, कंपनीत चिकटलं की सुटलो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात गैर काहीच नाही. पण चिंचवडगावात पद्मश्री गिरीश प्रभुणे यांचं गुरुकुलम् आहे. तिथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांची मुलं शिकतात. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला; संशय मात्र त्यांच्या पालावर येतच राहिला. गुरुकुलातलं पोर ‘मला वकील व्हायचंय’ म्हणतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पगार नंतर येतो, आधी पोलीस चौकीबाहेर ताटकळलेली आई येते. तुमच्या घरी बारावीचं मूल असेल, तर ‘काय होणार?’ यापुढे आणखी एक विचारा: कोणासाठी?