उशी काढून घेणारी सेवा

गुडघ्याचा सांधा बदलून आई घरी येते आणि सारे घर तिच्या दिमतीला लागते. पाणी हातात, ताट पलंगावर, गुडघ्याखाली मऊ उशी. ‘राहू दे माय, तू पडून राहा,’ असे अमरावती-अकोल्याकडच्या घरात मुलगा म्हणतो तेव्हा त्यात प्रेमच असते. पण दुसऱ्याचे कष्ट आपण उचलणे एवढ्यालाच सेवा मानले, तर या माउलीचे नुकसान होते. तिचे पाऊल तिलाच टाकता यावे म्हणून आपण झिजणे, ही सेवा त्याहून अवघड आहे आणि मी तिलाच खरी मानतो.

याला पहिली साक्ष शरीराचीच. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. नुसते पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. उशीवर गुडघा जरासा वाकलेला राहतो, म्हणून बरे वाटते. पण सतत तसाच ठेवला तर तो पुढे पुरता सरळ होत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात आणि गुडघा खाली दाबायला सांगतात. आई ओठ आवळते, मांडी थरथरते आणि मुलाचा हात नकळत उशीकडे जातो. त्या क्षणी त्याला आईचे दुखणे थांबवायचे असते की आपल्याला ते पाहवत नाही, हे त्याने स्वतःला विचारायला हवे.

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले, तेव्हा कुष्ठरुग्णांना नुसता आसरा दिला नाही. त्यांच्या हातांना काम दिले. गाडगेबाबांनी गावे झाडली ती गावकऱ्यांच्या हाती खराटा यावा म्हणून.

यावर कोणी म्हणेल, जन्मभर निंदण-वेचणीत झिजलेल्या बाईला आता तरी विसावा नको का? हवाच. पण तो चुलीपासून, धुण्यापासून द्यावा, चालण्यापासून नव्हे. दुखण्यात पुण्य असते असेही मी म्हणत नाही. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर द्यावी, बर्फाने शेकावे, ती ‘बस’ म्हणाली की थांबावे. पोटरी एकाएकी सुजली, ताप आला, जखमेतून पू आला तर व्यायाम सोडून डॉक्टर गाठावा. धाप लागली तर क्षणभरही थांबू नये. दुसरा आक्षेप वैराग्याचा: देह नाशवंत, त्याचे एवढे लाड कशाला? मात्र कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी पंढरीला पोचते ती वारकऱ्यांच्या याच नाशवंत पायांवर. आपली भक्तीच पायी चालणारी आहे. तिने गुडघ्याला तुच्छ मानू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. सेवेचा गौरव घर करते आणि राबते एकटी सून. रात्री उठून वॉकर धरणारी तीच, न्हाणीघरातली ओल पुसणारी तीच. एकीला झिजवून दुसरीला उभे करणे हा धर्म नव्हे. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी मुलांनी आपल्याही रजेचा अर्ज टाकावा आणि सकाळच्या व्यायामाची पाळी स्वतःकडे घ्यावी.