साफसफाईची साक्ष

साफसफाई करणाऱ्या माणसाबद्दल मला भीतियुक्त आदर वाटतो. दिवाळीआधी आमच्या सिल्लोडच्या घरात सौभाग्यवतींनी पदर खोचून झाडू हाती घेतला, की मी चष्मा आणि जीव सांभाळत ओसरीवर येऊन बसतो. परवा त्यांनी कपाटाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी ‘हा कसला कचरा’ म्हणून फेकून दिली. तेव्हापासून कपाटाचं दार रात्री-अपरात्री आपोआप उघडतं.

ओसरीवर भाचा मांडीवर संगणक घेऊन बसला होता. संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यात दुभाषाचं काम करणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. अशाच एका लिनक्सच्या ड्रायव्हरची कुणीतरी केलेली साफसफाई तो तपासत होता. तिथं चुका हुडकायला ‘चेकपॅच’ नावाचा खास प्रोग्राम असतो. ओळ 80 अक्षरांपुढे गेली की तो कुरकुरायचा. 2020 साली मर्यादा 100 वर नेली, तेव्हा जरा निवळला. आमच्या घरी अशी सवलत अजून जाहीर झालेली नाही.

“मामा, ही ओळ बघा. यंत्राकडून एक आकडा वाचते आणि टाकून देते. यानं ती निरुपयोगी म्हणून काढलीय.”

“बरोबरच केलं की!”

“तिच्या वरच्या ओळीत यंत्राला ‘थांब’ असा हुकूम आहे. तो वाटेत रेंगाळू शकतो. त्याला नावच ‘पोस्टेड राइट’. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं असं थोडंच आहे? पण यंत्राला उलट काही विचारलं, की आधीचं पत्र पोचवल्याशिवाय उत्तर येत नाही. आकडा कुणाला हवा होता? हवी होती पोचपावती.”

“आणि ओळ काढली तर?”

“बहुतेक वेळा चालेल. एखादे वेळी कुठल्यातरी गावी कुणाचं तरी यंत्र अडेल, आणि कारण कुणाला सापडणार नाही.”

“तुझ्याकडे ते यंत्र आहे?”

“नाही. साफ करणाऱ्याकडेही नाही. ‘फक्त कंपाइल करून पाहिले’ असं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय.”

आणि खाली ‘तपासले’ म्हणून नाव घालायचं आमच्या भाच्यानं! चहाच्या एका कपावर मी किती खरेदीखतांवर न वाचता साक्षीदार म्हणून सही ठोकली, ते आठवून घाम फुटला.

यात दुष्ट कुणीच नसतो, हीच खरी पंचाईत. आमच्या गावावरून जळगावकडे निघालं की अजिंठ्याची लेणी लागतात. 1920 च्या सुमारास तिथली चित्रं वाचवायला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटलेले पापुद्रे बसवले, वर लाखेचा लेप दिला. पुढे लेपच पिवळा पडला आणि चित्रं झाकोळली. हेतू चोख, हात कुशल! अर्थात तो लेप काढायलाही शेवटी साफसफाईच लागली. तेव्हा झाडूला नावं ठेवून भागत नाही. ‘ही वस्तू निरुपयोगी आहे’ आणि ‘हिचा उपयोग मला ठाऊक नाही’ ही दोन वाक्यं झाडू मारताना सारखीच ऐकू येतात, एवढंच.

भाच्यानं सही केली नाही. ‘ओळ राहू द्या, आणि ती का आहे ते वर लिहा’ असं कळवलं.

मीही उठलो. नवा पुठ्ठा घडी करून कपाटाखाली सारला आणि त्यावर लिहिलं, ‘काढू नये. कपाट कलते.’

सौभाग्यवतींनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, “अहो, हे वीस वर्षांपूर्वीच लिहायला काय झालं होतं?”